सदाशिवच्या नावाची एक नोंद

आमच्या गल्लीत मला अजूनही ‘कॉम्प्युटरवाल्या बाई’ म्हणतात. कुणाचा मोबाइल अडकला, कुणाच्या टीव्हीचं चॅनल गेलं, की माणूस आमच्या दारात हजर. मी सांगून थकले की बाबांनो, मी मोबाइल दुरुस्त करत नव्हते, मी जिनिंगच्या वजनकाट्यांचे प्रोग्रॅम लिहायची. त्यावर शेजारच्या काकू म्हणतात, “तेच की हो, मशीनच की शेवटी.” आता निवृत्त होऊन बसल्यावर वाद कशाला घालायचा म्हणून मीही चॅनल लावून देते.

पण यंदा दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहायला सांगितलं, तेव्हा म्हटलं एकदा नीट सांगावंच. कुठं लागले, पगार किती, साहेब कोण, ते सगळं जाऊ द्या. मी एकाच कामाबद्दल लिहिणार आहे, आणि ते प्रोग्रॅम लिहिण्याचं नाही, पुसण्याचं आहे. दुसऱ्यानं मशीनवर केलेले बदल काढून टाकायचे आणि मशीन पुन्हा मूळपदावर आणायची. ऐकायला सोपं वाटतं. आमच्या धंद्यात माणसं सगळ्यात जास्त घोळ ह्याच कामात घालून ठेवतात.

आधी काटा म्हणजे काय ते सांगते. आमच्या जालन्याकडचा कापूस निघाला की तो जिनिंगवर येतो. तिथं सरकी आणि रुई वेगळी होते. फाटकातून आत आलं की आधी काटा लागतो. जमिनीला लागून मोठा लोखंडी पाट, त्यावर भरलेली बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर उभा करायचा, वजन घ्यायचं. माल उतरवून आला की रिकाम्या गाडीचं वजन. दोन्हींतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा कापूस. गणित एवढंच, पण त्याचं वर्षभराचं घर त्या फरकावर चालतं, म्हणून काट्याच्या खिडकीशी कायम माणसांची दाटी. त्या खिडकीआडच्या कॉम्प्युटरवर आमचा प्रोग्रॅम चालायचा.

आमचं ऑफिस बसस्टँडच्या मागं, बी-बियाण्यांच्या दुकानावर दोन खोल्यांत. खालच्या फवारणीच्या औषधांचा वास वरपर्यंत यायचा. सुरुवातीला डोकं दुखायचं, मग पुढं तो वास नसला की चुकल्यासारखं व्हायला लागलं. तिथं माझ्या शेजारच्या टेबलावर सदाशिव बसायचा. टेंभुर्णीचा, शेतकऱ्याच्या घरातला, माझ्याहून बराच लहान. मला ताई म्हणायचा, मी त्याला अरेतुरे करायची. बीएस्सी होऊन जालन्याला कॉम्प्युटरचा क्लास करायला आला आणि आमच्याकडंच राहिला.

तेव्हा प्रोग्रॅम फ्लॉपीवर न्यावा लागायचा. चौकोनी कव्हरातली चकती, धुळीनं खराब, उन्हानं खराब, आणि आपल्याकडं ह्या दोन गोष्टींना काय कमी. सदाशिव फ्लॉप्या स्टीलच्या जेवणाच्या डब्यातून न्यायचा. वरच्या खणात फ्लॉप्या, खालच्या खणात भाकरी. एकदा त्याच्या बायकोनं घाईत वरच्या खणात ठेचा भरून दिला. हा मोटारसायकलवर बसून लांबच्या जिनिंगवर पोचला, ऐटीत डबा उघडतो तर ठेचा, आणि फ्लॉप्या घरी फळीवर.

“मग रे?” मी विचारलं.

“मंग काय ताई, काटेवाल्यासंगं ठेचा खाल्ला, अन् तिथंच बसून सगळं पुन्हा लिहिलं.”

हे त्यानं इतक्या खुशीत सांगितलं की मला तेव्हाच कळायला हवं होतं, याला ऑफिसात बसून काम करणं आवडतच नाही. गिऱ्हाइकाच्या मशीनवर बसायचं आणि तिथल्या तिथं बदल करून द्यायचा, ही त्याची खोड. काटेवाला म्हणाला, सदाभाऊ, हे अक्षर दिसत न्हाई, की अक्षर मोठं. मुनीम म्हणाला, गावाचं नाव आधी येऊ द्या, की गावाचं नाव आधी. चहा येईपर्यंत काम झालेलं. मग तो बदल ऑफिसात आणून मूळ प्रतीत घालायचा, ते मात्र राहून जायचं. राहून जायचं म्हणजे कायमचंच राहायचं. एकट्या सदाशिवला कशाला बोलू? आपल्याकडं समोरचा माणूस अडलेला असताना ‘ऑफिसात जाऊन बघतो’ म्हणणं म्हणजे उद्धटपणा समजतात. सगळेच असं करायचे, हा जरा जास्त करायचा.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी आमच्या मालकांचा पुतण्या आशिष पुण्याहून आला. त्यानं एक नवी व्यवस्था आणली. प्रोग्रॅमची एक मूळ प्रत ऑफिसात, आणि प्रत्येक काट्यावरच्या मशीनमध्ये तिची नक्कल. बदल केला की त्याची नोंद करायची: काय बदललं, का बदललं, कुणी बदललं. नोंद झाली की बदल पक्का. उद्या कुणी तो काढला तरी मागच्या नोंदींत सापडतो. नोंद होत नाही तोवर तो कच्चा. चालतो, दिसतो, काम देतो, पण त्या एका मशीनच्या बाहेर त्याला कुणी ओळखत नाही. शिंपी आधी कच्चा टाका घालतो ना, तसं. धागा ओढला की निघून येतो, आणि इथं कापडावर भोकंसुद्धा राहत नाहीत.

सदाशिवनं ती व्यवस्था माझ्याआधी शिकून घेतली आणि नोंद काही केली नाही. मी चिडायची. “अरे, दोन ओळी लिहायला काय जातं तुझं?”

“आवो ताई, गाड्यांची लाइन फाटकाबाहेर गेल्ती. लोकं उन्हात उभी राहून राह्यली, अन् मी तिथं माझं नाव लिहीत बसू का?”

“मग संध्याकाळी आल्यावर कर.”

“करतो,” म्हणायचा. त्याचं ‘करतो’ मला पाठ झालं होतं.

एका वर्षी पोळ्याला गावी गेला आणि नेहमीपेक्षा उशिरा परत आला. थोरला भाऊ अर्धांगानं अंथरुणाला खिळला होता, शेती बघणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. “जातो ताई,” एवढंच म्हणाला. मालकांनी थांबवून पाहिलं, पगार वाढवतो म्हणाले. त्यानं मान खाली घालून ऐकून घेतलं. जाताना डब्याचा तो वरचा खण माझ्या टेबलावर ठेवला, फ्लॉप्यांसकट. फ्लॉप्या तोवर कुणी वापरत नव्हतं. मी तो खण तसाच ठेवून दिला, अजून घरात आहे.

सांगायला लाज कशाची, मला त्याची फार आठवण यायची. तुमच्या मनात येतंय तसं काही नव्हतं. त्याचा संसार होता, माझा होता, त्याच्या मुलीच्या बारशात पाळण्याची दोरी मी धरली होती. पण वर्षानुवर्षं एक माणूस हाताच्या अंतरावर बसून काम करतं, अडलं की जीभ टाळूला लावून टक् टक् करतं, सुटलं की “हां” म्हणतं, त्याची सवय घरच्या माणसाइतकी होते. तो गेल्यावर माझं काही सुटलं तरी खोलीत “हां” म्हणणारं कुणी नव्हतं. आमचे हे म्हणायचे, दुसरा येईल की. दुसरा आलाही, चांगला होता बिचारा. तरी मी काम करता करता मधेच थांबायची आणि पलीकडून टक् टक् येतं का ते ऐकायची.

पुढच्या वर्षी पावसाळा सरता सरता आशिष माझ्याकडं आला. दसऱ्याला कापसाचा मुहूर्त, त्याच्या आत सगळ्या काट्यांवर नवा प्रोग्रॅम चढवायचा होता. आणि तो चढेना. मशीन म्हणायची, इथं नोंद न झालेले बदल आहेत, आधी त्यांचं काय करायचं ते ठरवा.

“ताई, सदाशिवरावांनी सगळीकडं काय काय करून ठेवलंय,” आशिष म्हणाला. “ते सगळं उडवा आणि मशीन साफ करा. त्यांचं काम तुम्हालाच कळतं.”

कळत होतं, हे खरं. त्यानं लिहिलेली प्रोग्रॅमची ओळ मी हजारांत ओळखली असती. म्हणून गावोगाव फिरून सदाशिवच्या हातचं काम पुसायचं माझ्या वाट्याला आलं. तो गेला ते मी कसंबसं पचवलं होतं, आता त्याच्या मागं राहिलेलंही मीच काढायचं. नको वाटत होतं, पण दुसरं कुणी गेलं असतं तर न बघता पुसलं असतं, म्हणून गेले.

आधी तीर्थपुरीला गेले. तिथले मालक जगन्नाथराव, पन्नाशीचे, बोलायला कमी. पुसण्याआधी मशीनला विचारायचं असतं, बाई गं, तुझ्यात काय बदललंय ते दाखव. मग एकेक ओळ वाचायची. तिथं एकच बदल निघाला. निव्वळ वजनाचा आकडा सदाशिवनं सबंध पडदाभर केला होता, एवढा की बाकी काही दिसायलाच नको.

“हे कशासाठी हो?”

“दादांसाठी,” म्हणजे त्यांच्या वडिलांसाठी. “त्यांना मोतीबिंदू. पण काट्यावरून उठायचं न्हाई म्हणायचे. समोरच्या ओट्यावर बसायचे. तिथून आकडा दिसला पाहिजे म्हणून सदाभाऊनं करून दिल्तं. दादा आकडा मोठ्यानं म्हणायचे, शेतकऱ्यानं मान हलवली की मंग गाडी खाली.”

“मग आता?”

“गेले ना ते, उन्हाळ्यात. काढा तुमी.”

मी काढायला घेतलं तेवढ्यात ते म्हणाले, “ताई, काढायच्या आधी एकदा लावता का?”

मी जुनं चालू केलं. त्यांनी मुनिमाला ट्रॅक्टर काट्यावर घ्यायला सांगितलं आणि स्वतः जाऊन समोरच्या ओट्यावर बसले. पडदाभर आकडा आला. जगन्नाथरावांनी तो मोठ्यानं म्हटला, अगदी हेल काढून, वडील म्हणत असतील तसा. ट्रॅक्टरवरच्या मुनिमाला काय करावं सुचेना, त्यानं मान हलवली. मग जगन्नाथराव आत आले आणि म्हणाले, “बस. काढा.” मी काढलं. ठेवायचं काही नव्हतं, मालकानंच सांगितलं होतं, तरी आधी त्या बदलाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. शंका नसली तरी प्रत घ्यायची, ही माझी सवय.

परतीच्या एस्टीत मला सारखं वाटत होतं की हे सदाशिवला सांगावं. तो टक् टक् करून म्हणाला असता, बघा ताई, ह्याची नोंद मी कुठल्या शब्दांत करायची होती?

खरा पेच राजूरच्या जिनिंगवर पडला. तिथला काटा गफूरभाईंकडं. साठी उलटलेले, पांढरी दाढी, स्वच्छ इस्त्रीचा सदरा. त्यांचे वडील त्याच आवारात जुन्या दांडीच्या काट्यावर होते, त्यांच्यामागून हे. उर्दू शाळेत शिकलेले. आकडे पक्के, मराठी अक्षर जुळवून जुळवून वाचायचे, इंग्रजी बिलकुल नाही. आणि आमच्या मूळ प्रोग्रॅमचा पडदा सगळा इंग्रजी, बारीक चौकटींनी गच्च भरलेला.

गफूरभाईंच्या मशीनवर तसलं काही नव्हतं. दोनच मोठी बटणं. एक हिरवं, एक पिवळं. दोन्हींवर उर्दूत एकेक शब्द, टाकानं लिहिल्यासारखा वळणदार.

“हे अक्षर कुणाचं?” मी विचारलं.

“माझंच ताई. सदाभाऊ बोलले, गफूरभाई, कागदावर लिहा, ‘भरा’ अन् ‘खाली’. मी लिहून दिलं. जालन्याला फोटो स्टुडिओत नेलं अन् मशीनीत घातलं त्यांनी. भरी गाडी आली की हिरवं, खाली झाली की पिवळं. आजपर्यंत एक बी गाडी चुकली न्हाई.”

आणखी एक बदल होता. राजूरला चतुर्थीला गणपतीच्या दर्शनाला एवढी गर्दी होते की रस्ता तुंबतो, गाड्या फाटकापर्यंत पोचत नाहीत. आमच्या प्रोग्रॅममध्ये आदल्या दिवशी दिलेला रांगेचा नंबर सकाळी बाद व्हायचा आणि शेतकऱ्याला पुन्हा रांगेच्या शेपटाला उभं राहावं लागायचं. सदाशिवनं चतुर्थीचा नंबर दुसऱ्या दिवशीही चालेल असं करून ठेवलं होतं. ऑफिसात कुणाला पत्ता नाही. जालन्यात बसून हे सुचलंही नसतं कुणाला.

तेवढ्यात मालक आत आले. सुभाषशेठ, वाईट माणूस नव्हता, घाईचा होता. “ताई, नवीन प्रोग्रॅम चाचांना जमंल का? न्हाई जमलं तर दसऱ्यापासून त्यांना गेटवर बसवतो. पगार तेवढाच ठेवतो, त्याची फिकर नको. काट्यावर बी.कॉम. झालेला पोरगा बघून ठेवलाय.”

शेठ बाहेर गेल्यावर गफूरभाईंनी खिडकीच्या कट्ट्यावरची धूळ फडक्यानं पुसली आणि मग म्हणाले, “गेटवर बसायचं म्हंजे गाडीवाल्यांच्या मागं ओरडायचं, ताई. माझे अब्बा काट्यावर, मी काट्यावर. माझ्या आकड्यावर चार गावची माणसं भरोसा ठेवून राह्यली. पगाराचं काय घेऊन बसले शेठ.”

मी मशीनकडं वळले. आशिषला फोन लावला. तो म्हणाला, “ताई, बघत काय बसता? साफ करायची कमांड द्या, पाच मिनिटांत मोकळ्या.”

त्या कमांडची मला भीती आहे, आणि ती सगळ्यांनी बाळगावी. का ते सांगते. मूळ प्रतीतल्या ओळी कुणी बदलल्या असतील तर त्या बाजूला काढून ठेवता येतात, मशीन त्यांना ओळखते. पण बाहेरून नवीन आणून ठेवलेल्या फायली तिच्या लेखी परक्या. ‘बदल बाजूला ठेव’ म्हटलं की ती आपल्या ओळी नीट उचलते आणि परक्यांना तिथंच सोडते, मुद्दाम सांगितल्याशिवाय त्यांना हात लावत नाही. मग ‘साफ कर’ म्हटलं की त्याच परक्यांना फेकून देते. त्या फेकलेल्या फायली कचऱ्याच्या डब्यातही सापडत नाहीत. माणसाला वाटतं मी तर सगळं जपून ठेवलं होतं, आणि नेमकं जपायचं तेच गेलेलं असतं. म्हणून आधी म्हणायचं, टाकू नकोस, नुसतं सांग काय टाकणार आहेस.

मी तसं विचारलं. यादी आली. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा फोटो, मुनिमाच्या मुलाचा निकाल, असलं काय काय. आणि त्यात दोन फायली, गफूर एक आणि गफूर दोन. हिरव्या आणि पिवळ्या बटणावरचे ते शब्द. आशिषचं ऐकलं असतं तर ओळी राहिल्या असत्या आणि गफूरभाईंचं अक्षर गेलं असतं.

मी सगळं बाजूला घेतलं, परक्यांसकट. पेन ड्राइव्हवर प्रत घेतली, ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघितली. मगच पुसलं आणि नवा प्रोग्रॅम चढवला. मशीन म्हणाली, इथं काही बदल नाहीत, सगळं साफ आहे. तसं तिनं म्हटलं की एरवी मला बरं वाटतं.

गफूरभाई खुर्चीत बसले. समोर बारीक इंग्रजी चौकटी. त्यांनी बोट उचललं आणि ते तसंच हवेत राहिलं. “ताई, कुठं दाबू?”

सदाशिव असता तर चहा येईपर्यंत त्यांची बटणं परत लावून दिली असती. माझेही हात शिवशिवले. बाजूला ठेवलेलं परत आणायला कितीसा वेळ लागतो? पण मग ते पुन्हा कच्चंच राहिलं असतं. पुढच्या वर्षी माझ्या जागी कुणी दुसरं आलं असतं, त्यानं विचारलं नसतं, आणि तेव्हा गफूरभाईंना गेट चुकलं नसतं. मी त्यांना म्हटलं, “हे मी ऑफिसात नेते. मूळ प्रतीत घालून आणते, दसऱ्याच्या आत.”

ते म्हणाले, “सदाभाऊ बी बोलले होते, ऑफिसात नेतो म्हणून.”

“मी आणते, गफूरभाई.”

“बघा मंग. दसरा जवळ आला,” म्हणाले आणि मला बसपर्यंत सोडायला आले.

ऑफिसात आशिष म्हणाला, “एका माणसासाठी मूळ प्रोग्रॅम बदलायचा? मूळ प्रत स्वच्छ राहावी म्हणून तर हे सगळं चाललंय ना, ताई?”

“स्वच्छ कुणासाठी ठेवायची आहे?” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “काट्यावरची माणसं गेटवर बसवून प्रत स्वच्छ ठेवायची असेल तर मला नको सांगू.” मग जरा शांत होऊन त्याला समजावलं, की हे एकट्या गफूरभाईंचं करणार नाही. ज्या काट्यावर पाहिजे तिथं दोन बटणांचा पडदा लावता येईल, शब्द ज्याचे त्याला घालता येतील. चतुर्थीचा नंबरही तसाच. तो हुशार मुलगा होता. थोडा वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाला, “करा. पण नोंद नीट करा.”

मी बसले. सदाशिवचं काम उलगडून मूळ प्रतीत बसवायला लागले तेव्हा कळलं की त्यानं किती विचार केला होता. काटा हलत असताना बटण दाबलं जाऊ नये म्हणून ते क्षणभर फिकं पडायचं. रिकामी गाडी भरलेलीच्या आधी आली तर पिवळं बटण उमटायचंच नाही. हे त्यानं उन्हात लाइन लागलेली असताना, गफूरभाईंच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसून लिहिलं होतं. त्या दिवसांत तो शेजारी बसलाय असंच मला वाटायचं. एकदा तर मी टेबलाकडं वळून विचारायला निघाले होते, अरे, हे असं का केलंस?

शेवटी नोंद करायची वेळ आली. आमच्या व्यवस्थेत नोंदीला दोन जागा असतात. काम केलं कुणी, आणि ते चढवलं कुणी. बहुतेक वेळा दोन्हीकडं एकच नाव जातं, मशीन आपणहून घालते. तिनं माझं नाव घातलं होतं. मी सदाशिवच्या नावानं जुन्या नोंदी शोधून बघितल्या. एकही नव्हती. एवढ्या वर्षांत एवढे काटे त्यानं चालते केले, आणि त्याचं नाव कुठंच नाही. मी पहिल्या जागेतलं माझं नाव खोडून त्याचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. चढवणारी मी राहिले.

दसऱ्याला राजूरला गेले. काट्याला झेंडूचं तोरण, कॉम्प्युटरलाही एक माळ, ती पडद्यावर लोंबत होती. मुहूर्ताची बैलगाडी काट्यावर चढली. सुभाषशेठ आणि पाच-पन्नास माणसं खिडकीशी. गफूरभाईंनी माळ हळूच बाजूला केली, स्वतःच्या अक्षराकडं बघितलं आणि हिरवं बटण दाबलं. गाडी खाली होऊन आली, पिवळं दाबलं. चिठ्ठी बाहेर आली. शेठनं ती वाचली, शेतकऱ्याच्या हातात दिली आणि पेढ्यांचा पुडा गफूरभाईंसमोर धरला. “चाचा, तोंड गोड करा. बसा इथंच.” बी.कॉम. झालेल्या मुलाला त्यांनी हिशेबाकडं घेतलं.

गफूरभाई मला म्हणाले, “सदाभाऊंना सांगा, काटा चालू आहे म्हणून.”

मी तिथूनच टेंभुर्णीला फोन लावला. सदाशिव शेतात होता, मागून पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता.

“ताई? काय म्हणता, बऱ्या हैत ना?”

मी सगळं सांगितलं. तीर्थपुरीचा ओटा, राजूरची बटणं. मग म्हटलं, “तुझ्या नावाची नोंद केली रे. मूळ प्रतीत. आता ती जायची नाही.”

पलीकडून टक् टक् ऐकू आलं. मग म्हणाला, “हां.”

तोच पुढं बोलला. “भाऊ गेला ना ताई, चैतात. मंग सातबाऱ्याला माझं नाव लागलं. तलाठी म्हणे पेढे द्या. माझ्या घशाखाली घास उतरून न्हाई राह्यला. आज मातर बरं वाटलं.” मग म्हणाला, “ताई, तुमी नोंद कराया लावायच्या अन् मी ऐकायचो न्हाई. चिडायच्या लई.”

“चिडायला तरी तू होतास,” मी म्हटलं.

त्यानंतर आमचं बोलणं सणावारी व्हायचं, मग तेही कमी झालं. शेतातल्या माणसाला फोनवर बोलायला वेळ नसतो आणि मला टक् टक् ऐकल्याशिवाय त्याच्याशी बोलल्यासारखं वाटायचं नाही.

माझ्या निवृत्तीच्या सुमाराची गोष्ट सांगते आणि थांबते. तोवर काट्यांवर कॅमेरे आले होते, गाडीचा नंबरसुद्धा मशीनच वाचायला लागली होती. गफूरभाई काट्यावरूनच घरी बसले आणि पुढं वारले. राजूरला जनाज्याला आसपासच्या गावचे शेतकरी आले होते, असं सुभाषशेठनं सांगितलं. सदाशिवच्या टेबलावर आता रेश्मा नावाची मुलगी बसायची. जुना प्रोग्रॅम आवरायचं काम तिच्याकडं होतं. एक दिवस तिनं मला बोलावलं.

“मॅडम, हे सदाशिव कोण? सगळ्या नोंदींत यांची एकच नोंद आहे.”

“होते इथं,” मी म्हटलं. “तू बसतेस तिथं बसायचे.”

“एकच काम केलं त्यांनी?”

मी हसले, दुसरं काय करणार.

“हा दोन बटणांचा पडदा आता कुठल्याच काट्यावर नाही, मॅडम. आणि ह्या दोन फोटोफायली. काढून टाकू का?”

मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. पडद्यावर हिरवं होतं, पिवळं होतं, त्यांवर गफूरभाईंचं ते वळणदार अक्षर. एवढी वर्षं मी माणसांना शिकवत आले की पुसण्याआधी नीट बघा. मी नीट बघून घेतलं.

“काढ,” मी म्हटलं.

“नक्की? तुम्हीच चढवलेलं दिसतंय.”

“काढ गं. हे पक्कं आहे.”

तिनं काढलं आणि त्याचीही रीतसर नोंद केली, आपल्या नावानं. पडदा मोकळा झाला. मग मी तिला मागची नोंद उघडायला लावली. तिनं शोधलं. त्याचं नाव होतं, वडिलांच्या नावासकट. नोंदीखाली ‘भरा’ होतं, ‘खाली’ होतं.

“हां,” मी म्हणाले.